एनबीएतला नवखा चाचपडतोय; त्याला किती वेळ द्यायचा?

२०१९च्या ऑक्टोबरात वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात दोन सामने झाले. एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, संघ भारतात खेळण्याची ती पहिलीच वेळ. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत, जुहूला वाढलेले. तेव्हापासून मी किंग्जला उगाचच ‘आपला संघ’ म्हणतो. पण नवख्या खेळाडूच्या बाबतीत उतावळेपणा कसा अंगाशी येतो, हे सांगायचे झाले तर सुरुवात या आपल्या संघापासूनच करावी लागते.

२०१४च्या जूनमध्ये किंग्जने निक स्टाउस्कस नावाचा पोरगा घेतला. मूळचा कॅनडाचा, मिशिगन विद्यापीठातून आलेला. लांबून तीन गुणांचे बास्केट टाकण्यात, म्हणजे थ्री-पॉइंटरमध्ये वाकबगार. कॉलेजात त्याचे शंभरातले ४४ आत जायचे. एनबीएतल्या पहिल्या मोसमात ते ३२ वर आले. सामन्यामागे पंधरा मिनिटे खेळ आणि ४.४ गुण. एकदा टीव्हीवरच्या आपोआप उमटणाऱ्या अक्षरांनी त्याचे नाव ‘सॉस कॅस्टिलो’ असे छापले, आणि त्या मोसमात त्याची सगळ्यात जास्त चर्चा झाली ती त्यावरून. पुढच्या जुलैत किंग्जने त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकले. ‘देऊन टाकले’ हा शब्द जपून वापरतो आहे, कारण सोबत आणखीही बरेच काही दिले. ते शेवटी सांगतो. आधी हे सगळे चालते कसे, ते पाहू.

पाळी लागते, बोली नाही

एनबीएत दरवर्षी जूनमध्ये ड्राफ्ट होतो. आयपीएलचा लिलाव डोळ्यांपुढे आणा, फक्त इथे पैशाची बोली नसते, पाळी असते. ३० संघ, दोन फेऱ्या. आदल्या मोसमात जे रडतखडत खेळले त्यांना पाळी आधी मिळते. कुणाला नेमकी कितवी, ते सोडतीने ठरते. सर्वांत तळाच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची संधी प्रत्येकी १४ टक्के. विचार चांगला आहे: दुबळ्याला बळ द्यावे. पण त्याचा एक परिणाम सहसा कुणी बोलून दाखवत नाही. सर्वांत गुणी पोरे सर्वांत विस्कटलेल्या घरात जाऊन पडतात. जिथे प्रशिक्षक टिकत नाही, मालक चिडलेला आहे, प्रेक्षक वर्षानुवर्षे हरून कंटाळलेले आहेत, तिथे १९ वर्षांच्या मुलाला ‘आता तूच काय ते बघ’ म्हणून उभे करतात. पहिल्या मोसमातल्या अशा खेळाडूला तिकडे रूकी म्हणतात.

अडखळतो कशाने?

बहुतेक अमेरिकी रूकी कॉलेजातून येतात. तिथे सामना ४० मिनिटांचा, इथे ४८. तिथे मोसमात पस्तीसएक सामने, इथे सहा महिन्यांच्या आत ८२, आणि तेही या टोकाच्या शहरातून त्या टोकाच्या शहरात मध्यरात्रीच्या विमानाने. तिथे चेंडू टाकायला ३० सेकंद मिळतात, इथे २४. थ्री-पॉइंटरची रेघ इथे आणखी लांब, समोरून २३ फूट ९ इंच. कॉलेजचा मोसम जितक्या सामन्यांत संपायचा तितके सामने झाले तरी इथे अर्धाही झालेला नसतो, आणि नेमके तिथे पाय जड व्हायला लागतात. याला ‘रूकी वॉल’ असे नावच पडले आहे.

तरीही शरीराचा त्रास हा सोपा भाग. अवघड असतो तो बचाव. समजा तुम्ही चेंडूवाल्याच्या मागे धावताय आणि मध्येच त्याच्या संघातला सात फुटी गडी भिंतीसारखा तुमच्या वाटेत उभा राहतो. चेंडूवाला त्याच्या आडून निसटतो. आता तुम्ही भिंतीच्या पुढून जायचे, मागून वळसा घालायचा, की साथीदाराशी माणसांची अदलाबदल करायची? उत्तर दर वेळी वेगळे. समोरचा लांबून टाकण्यात तरबेज असेल तर पुढून. नसेल तर मागून. हे पाच जणांनी एकाच क्षणी, एकच ठरवायचे असते. चौघांनी बरोबर ठरवले आणि रूकीने चुकीचे, तर समोरच्याला मोकळे बास्केट. प्रेक्षकाला दिसतो तो बिचारा शेवटी पोचलेला बचावपटू. प्रशिक्षकाला दिसतो तो तीन सेकंद आधी चुकलेला रूकी. म्हणून घरी बसून आपण ‘अरे, पोरगा बरा खेळतोय की, बाहेर का काढला?’ म्हणतो, आणि प्रशिक्षक मान हलवत त्याला बाकावर बसवतो.

मग त्याच्या हातून फाउल होतात, कारण पाय पोचले नाहीत की हात पोचतो. सहा फाउल झाले की सामन्यातून बाद. बाहेर बसायच्या भीतीने तो बास्केट टाकायलाच बिचकतो, आणि बिचकणारा नेमबाज कुणालाच नको असतो. इथपर्यंतचा प्रवास कधी कधी तीन आठवड्यांत पुरा होतो.

आकड्यांवर किती भरवसा?

थोडा हिशेब करू. एखादा रूकी सामन्यामागे तीन थ्री-पॉइंटर टाकतो. २० सामने झाले म्हणजे ६० प्रयत्न. शंभरात ३६ हा चांगल्या नेमबाजाचा दर, ३० हा रडका. ६० प्रयत्नांत चांगल्याचे साधारण २२ जातील, रडक्याचे १८. फरक चार बास्केटचा. दीड महिन्यात चार चेंडू कड्यावर गरागरा फिरून बाहेर पडले, एवढ्यावर पोरगा ‘चालणारा’ की ‘न चालणारा’ ते ठरते! बरे, अख्ख्या मोसमाचे २०० प्रयत्न धरले तरी ३२ आणि ३६ या दरांत आठच बास्केटचे अंतर पडते. एवढा फरक निव्वळ नशिबानेही पडू शकतो.

म्हणून जाणते लोक पहिल्या वर्षी थ्री-पॉइंटरपेक्षा फ्री थ्रो बघतात. फाउलनंतर मिळणारा हा चेंडू १५ फुटांवरून, एकट्याने, अडवायला कुणी नसताना टाकायचा असतो. त्यात थकव्याचा आणि घाईचा गोंधळ कमी, आणि हाताचे वळण जास्त दिसते. स्टाउस्कसचे फ्री थ्रो कॉलेजातही आणि किंग्जकडेही शंभरात ऐंशीच्या वर जात होते. म्हणजे हात गेला नव्हता. गेले होते ते दुसरेच काहीतरी.

बाकी पाहायचे ते गुणांच्या तक्त्यात येत नाही. नोव्हेंबरात जी चूक केली तीच फेब्रुवारीत करतो का? की आता नवी चूक करतो? नव्या चुका करणारा पोरगा शिकतो आहे. चेंडू हातात नसताना उभा राहतो की जागा बदलतो? हे बघायला पहाटे उठून सामना पाहावा लागतो, आणि भारतात बसून एनबीए पाहणाऱ्यांना त्याची सवय असतेच.

घड्याळ कराराचे असते

धीर हा स्वभावाचा गुण आहे असे आपण मानतो. एनबीएत तो पुष्कळसा कराराचा भाग आहे. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पगार क्रमांकानुसार आधीच ठरलेला असतो. ही पद्धत १९९५ पासूनची. त्याआधी न खेळलेली पोरे भलेमोठे आकडे मागत आणि संघ ते देतही. आता पहिली दोन वर्षे पक्की, आणि तिसरे व चौथे वर्ष संघाच्या मर्जीवर.

खरी मेख तारखेत आहे. तिसऱ्या वर्षाचा निर्णय तिसरे वर्ष तोंडावर आल्यावर घ्यायचा नसतो. तो पहिला मोसम संपल्यावर येणाऱ्या ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवावा लागतो. म्हणजे दुसरा मोसम नीट सुरूही झालेला नसतो आणि संघाला सांगावे लागते की त्याच्याही पुढचे वर्ष हा आपल्याकडे असेल की नाही. पहिले वर्ष दुखापतीत गेले असेल तर हा निर्णय जवळजवळ अंधारातच होतो.

तरी पहिल्या फेरीतला नशीबवानच. दुसऱ्या फेरीत काहीच बांधलेले नसते. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या क्रमांकावर पंजाबमधल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग भामरा घेतला. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. दोन मोसम तो डॅलसच्या दुय्यम संघात, टेक्सस लेजंड्समध्ये होता. एनबीएचा सामना त्याच्या वाट्याला एकही आला नाही. या दुय्यम लीगला आज जी लीग म्हणतात. रूकीला तिकडे पाठवणे ही एके काळी शिक्षा वाटायची. माझ्या मते आज धीर दाखवण्याची तीच सर्वांत प्रामाणिक जागा आहे, कारण तिथे त्याला ३५ मिनिटे खेळू देतात आणि त्याच्या चुकांनी कुणाचा मोसम बुडत नाही.

मिनिटे द्यायची कुणी?

२००३ मध्ये डेट्रॉइट पिस्टन्सकडे दुसऱ्या क्रमांकाची निवड होती. त्यांनी घेतला सर्बियाचा १८ वर्षांचा दार्को मिलिचिच. त्याच्यामागे तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या क्रमांकावर गेले कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड. डेट्रॉइट त्या वर्षी अजिंक्यपद जिंकण्याच्या तयारीत होते, आणि २००४ मध्ये जिंकलेही. अशा संघात १८ वर्षांच्या मुलाला शिकवायला वेळ कुणाकडे? दार्को ३४ सामन्यांत उतरला, तोही सामन्यामागे पाच मिनिटांपेक्षा कमी, बहुतेकदा निकाल लागून गेल्यावर. २००६ मध्ये त्याला ऑर्लँडोला धाडले. डेट्रॉइटने त्याला अडीच वर्षे ठेवून घेतले, याला कुणी धीर म्हणेल. मी म्हणणार नाही. लोणचे बरणीत मुरते. खेळाडू बाकावर मुरत नाही.

गंमत अशी की त्याच २००४च्या अंतिम मालिकेचा मानकरी ठरलेला चॉन्सी बिलप्स हा स्वतः घाईचा बळी होता. १९९७ मध्ये बॉस्टनने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडले आणि ५१ सामन्यांनंतर, पहिला मोसम संपायच्या आतच, टोरंटोला देऊन टाकले. प्रशिक्षक रिक पिटिनोंना तयार माल हवा होता. पुढे बिलप्स टोरंटो, डेन्व्हर, ऑर्लँडो, मिनेसोटा असा फिरत राहिला, आणि डेट्रॉइटला २००२ मध्ये पोचला तेव्हा शिकून तयार होता. शिकवण्याची किंमत इतरांनी मोजली, पीक डेट्रॉइटने कापले. आणि त्याच डेट्रॉइटला दार्कोसाठी मिनिटे सापडली नाहीत.

आता याच्या उलट बाजू. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये १५ व्या क्रमांकावर मिलवॉकी बक्सने ग्रीसमधल्या दुय्यम लीगमध्ये खेळणारा, नायजेरियन आईबापांचा, हाडकुळा पोरगा घेतला: यानिस आंतेतोकुंपो. पहिल्या वर्षी गुण ६.८. पण मिनिटे किती? सामन्यामागे जवळजवळ २५, आणि ७७ सामने. कारण त्या वर्षी मिलवॉकी १५ सामने जिंकले आणि ६७ हरले. हरायचेच आहे तर पोराला खेळू दे, हे त्यांना परवडले. यानिस २०१९ आणि २०२० मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि २०२१ मध्ये अंतिम मालिकेच्या निर्णायक सामन्यात ५० गुण करून त्याने मिलवॉकीला अजिंक्यपद मिळवून दिले. त्या सडक्या मोसमाशिवाय हे झाले असते का, मला शंका आहे.

डॅलसचा डर्क नोवित्स्की मधल्या वाटेचा. १९९८ मध्ये जर्मनीहून आला. मालक आणि खेळाडूंच्या भांडणात तो मोसम ५० सामन्यांचा झाला, सरावाला जेमतेम दिवस मिळाले, आणि वर प्रशिक्षक डॉन नेल्सन यांनी हा वर्षातला सर्वोत्तम रूकी होणार असे आधीच सांगून ठेवले होते. झाले ८.२ गुण, लोक वैतागले. नेल्सन मात्र त्याला खेळवत राहिले आणि काम तेच ठेवले: उंच असूनही बाहेरून टाक. दुसऱ्या वर्षी १७.५. तो २१ मोसम डॅलसकडेच खेळला आणि २०११ मध्ये त्यांना विजेतेपद देऊन गेला. माझ्या लेखी धीर म्हणजे हे: ठरलेली मिनिटे, ठरलेले काम, आणि दर पंधरवड्याला न बदलणारा माणूस.

पण थांबून काही होणारच नसेल तर?

असेही असते, आणि ते मान्य केले पाहिजे. यानिसच्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर क्लीव्हलंडने अँथनी बेनेट घेतला. आदल्या मे महिन्यात खांद्याची शस्त्रक्रिया झालेली, त्यामुळे उन्हाळी सराव बुडला, वजन वाढले. पहिले बास्केट पडायला पाचवा सामना उजाडला. मोसमाची सरासरी ४.२. मग २०१४च्या जुलैत लीगमधला सर्वांत मोठा तारा लेब्रॉन जेम्स क्लीव्हलंडला परतला आणि संघाचे घड्याळच बदलले: ‘दोन वर्षांनी’ वरून एकदम ‘आत्ता’ वर. ऑगस्टमध्ये बेनेट मिनेसोटाला गेला. पुढे तीन मोसमांत तीन संघ, आणि एनबीए संपली. क्लीव्हलंड उतावळे होते, पण नंतरच्या तीन संघांकडे तर तशी घाई नव्हती.

दुसरा मार्केल फुल्ट्झ, २०१७ चा पहिला क्रमांक, फिलाडेल्फियाचा. हा तर आपला चेंडू टाकण्याचा हातच विसरल्यासारखा वागू लागला. थ्री-पॉइंटर कॉलेजात शंभरात ४१, पण फ्री थ्रो ६५. इशारा तिथेच होता म्हणणारे नंतर बरेच निघाले. पहिल्या मोसमात १४ सामने. लोक म्हणाले, डोक्यात काहीतरी बिनसले आहे. २०१८ च्या डिसेंबरात निदान झाले की मान आणि खांदा यांच्यामधल्या नसा दाबल्या जात आहेत. म्हणजे ‘थांबा, जमेल’ हेही चूक आणि ‘याला धमक नाही’ हेही चूक; दुखणे शोधायला हवे होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला ऑर्लँडोला देऊन टाकले. तिथे पहिल्याच मोसमात तो ७२ सामने खेळला, सरासरी १२ गुण.

आता स्टाउस्कसचे उरलेले

२०१४-१५ मध्ये किंग्जने मोसम सुरू केला तो माइक मलोन यांच्या हाताखाली. संघाचा मुख्य खेळाडू डीमार्कस कझिन्स आजारी पडला, सामने हरले, आणि डिसेंबरात ११ विजय, १३ पराभव अशा स्थितीत मलोन यांना काढले. (२०२३ मध्ये याच मलोन यांनी डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिले.) मग आले टायरोन कॉर्बिन. फेब्रुवारीत तेही गेले आणि जॉर्ज कार्ल आले. एका पोराला पहिल्याच मोसमात तीन प्रशिक्षक, खेळाच्या तीन पद्धती, बचावाच्या तीन परिभाषा. शिवाय त्याच्याच जागेवर खेळणारा बेन मॅक्लेमोर आदल्याच वर्षी सातव्या क्रमांकावर घेतलेला. मग ४४ चे ३२ झाले.

२०१५च्या जुलैत किंग्जला मोठे खेळाडू आणायचे होते आणि संघाच्या एकूण पगारावर जी मर्यादा असते तिच्यात जागा हवी होती. म्हणून त्यांनी स्टाउस्कस, आणखी दोन खेळाडूंचे पगार, पुढच्या काळातली पहिल्या फेरीची एक निवड, आणि २०१६ व २०१७ मध्ये पाळीची अदलाबदल करण्याचा हक्क एवढे सगळे फिलाडेल्फियाच्या पदरात टाकले. त्या जागेत आलेला रॅजॉन रॉन्डो वर्षभरात निघून गेला. त्या वर्षी किंग्ज ४९ सामने हरले.

२०१७ च्या सोडतीत किंग्जची पाळी तिसरी लागली, फिलाडेल्फियाची पाचवी. हक्क होताच, अदलाबदल झाली. फिलाडेल्फियाने तो तिसरा क्रमांक आणि पुढची एक निवड बॉस्टनला देऊन पहिला क्रमांक मिळवला, आणि त्यावर फुल्ट्झ घेतला. बॉस्टनने तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटम घेतला. किंग्जच्या त्या पाळीवर! २०२४ मध्ये बॉस्टन विजेते झाले, तेव्हा टेटम त्यांचा म्होरक्या होता.

आणि स्टाउस्कस? तो मोठा खेळाडू झाला नाही. फिलाडेल्फियात तो आला तो ७२ पराभवांच्या मोसमात, मग संघ बदलत राहिला, मधल्या काळात एनबीएबाहेरही गेला. २०२२ च्या मार्चमध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, तो जी लीगमध्ये ग्रँड रॅपिड्सकडून खेळत होता. लागोपाठच्या दोन रात्री त्याने एकदा ५७ आणि एकदा ४३ गुण केले. तेच पाहून एनबीएतल्या एका संघाने त्याला करार देऊन बोलावून घेतले. तो संघ बॉस्टन होता. बाकावर बसून तो टेटमचा खेळ बघत असे.